रेवदंड्याच्या तटातली ती दुपार

गेल्या गुरुवारी भर दुपारी रेवदंड्यात माझे हातपाय गार पडले. अजूनही ते डोक्यातून जात नाही, म्हणून एकदा लिहून टाकते...

मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. थिसिससाठी रेवदंड्याचा किल्ला घेतलाय. म्हणजे नुसता किल्ला नाही... पोर्तुगीजांनी बांधलेल्या तटाच्या आत आज लोक राहतात. घरं, नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि मधूनच जुन्या चर्चची एखादी उभी भिंत. तिथल्या एका मोकळ्या जागेवर मला गावासाठी छोटंसं वाचनालय डिझाइन करायचंय.

त्याआधी साइट अ‍ॅनालिसिस. ऊन कुठून येतं, वारा कुठे अडतो, पाणी कुठे साचतं, माणसं कोणत्या वाटेने जातात... हे सगळं नकाशावर मांडायचं. माझ्या आधीच्या ड्रॉइंग शीट्स कॉलेजच्या सरांनी परत केल्या होत्या. "यात गाव कुठाय?" एवढंच म्हणाले. जूरी, म्हणजे परीक्षकांपुढे थिसिस मांडायची परीक्षा, तोंडावर आलेली, माझी झोप उडालेली.

राहायला होते शुभांगीताईंकडे, तटाच्या आतच. घरात त्या आणि त्यांचे वडील, आप्पा. आप्पा शाळामास्तर होते. हल्ली त्यांना काही आठवत नाही. कधी मला भाची समजतात, कधी पोस्टातली बाई. एकटे बाहेर पडले तर परतीची वाट सापडत नाही, म्हणून फाटकाला कायम कडी.

त्या दुपारी मी जेवून पुन्हा साइटवर गेले. सावल्या कुठे कुठे पडतात ते नकाशावर पेन्सिलने भरत होते. इतक्यात ताई धावत आल्या. चेहरा पांढराफटक.

"आप्पा इकडे आलेत का गं?"

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली... फाटक. निघताना एका हातात ड्रॉइंग बोर्ड, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. कडी लावली होती का मी? काही केल्या आठवेना. ताईंना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "ते राहू दे आता. आधी शोध त्यांना."

शेजारचे नझीरचाचा स्कूटर काढून एसटी स्टँडकडे गेले. कोळीवाड्यातल्या दोघी किनाऱ्याकडे पळाल्या. भरती लागली होती. सगळ्यांच्या नजरा तिकडेच...

थोड्या वेळाने त्यातली एक धापा टाकत परत आली. "दर्यावर न्हाय दिसलं कुठं." हे ऐकून हायसं वाटावं की आणखी घाबरावं, तेच कळेना.

घरातच कुठे कोपऱ्यात असतील या आशेने मी घराकडे पळाले. खोल्या बघितल्या, न्हाणीघर बघितलं, माजघरातल्या पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं. नव्हते. बाहेर येताना दाराशी आप्पांच्या चपला दिसल्या आणि मी थबकले.

म्हणजे आप्पा अनवाणी गेलेत! आदल्या दिवशी मी वाळूत सँडल काढून जरा चालले होते, तर तळवे अक्षरशः भाजले होते. या उन्हात अनवाणी माणूस वाळूवर जाणार नाही. स्टँडच्या डांबरी रस्त्यावरही नाही. पाय पोळणार नाहीत, तिथूनच तो चालत राहील...

बोर्ड अजून माझ्या हातातच होता. फाटकातून उजवीकडे वळलं की कुंपणालगत पोफळींची सावली. ती संपते तिथून समुद्राकडच्या तटाची सुरू होते, कारण दुपार कलली की त्या भिंतीची सावली आतल्या बाजूला पडते. मघाशी मीच तर ती रंगवली होती.

मी त्या सावलीतून पळत सुटले. पळताना सारखं वाटत होतं, आपण चुकतोय. इकडे वेळ वाया घालवतोय आणि तिकडे पाणी चढतंय...

तटाला लागून एका ठिकाणी कमानीचा खोल कोनाडा आहे. आप्पा तिथे पाय पसरून, भिंतीला टेकून बसले होते. डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली. मी चार हातांवर थांबले. पुढे जायचा धीरच होईना.

मग त्यांनी हाताने तोंडावरची माशी हाकलली.

आप्पांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "उन्हात काय फिरतेस? इथं ये. गार आहे." मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि ताईंना फोन लावला. तोंडातून एकच शब्द फुटला... "आहेत."

घरी आल्यावर ताईंनी त्यांना अंगणातल्या खुर्चीत बसवलं आणि बादलीभर पाणी घेऊन त्यांचे पाय धुवायला बसल्या. इतका वेळ त्या रडल्या नव्हत्या. आता मात्र आप्पांचा पाय हातात धरून हुंदके देऊन रडायला लागल्या.

आप्पांनी वाकून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "काय झालं गं शुभे? शाळेत कुणी मारलं का?"

ताईंनी मान हलवली. "नाही हो आप्पा. पडले."

"बघू, कुठं लागलं?"

ताईंनी आपला कोपर पुढे केला. कोपराला काही झालेलं नव्हतं. आप्पांनी त्यावर हळूच फुंकर घातली... मी नझीरचाचांना कळवायचं निमित्त करून फाटकाबाहेर पडले.

जूरी पुढच्या आठवड्यात आहे. सर काय म्हणतील ठाऊक नाही. पण परत आल्यावर आज सकाळी ताईंना फोन केला होता. मागून आप्पांचा आवाज येत होता, कुणाला तरी मोठ्याने पाढे म्हणायला लावत होते...

ते ऐकून मी आप्पांची ती सावलीची वाट शीटवर काढायला बसले.