तारखा नसलेलं दोषारोपपत्र

तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचं पत्र टेबलावर आलं तेव्हा विषय वाचून मला हसू आलं. विभागीय चौकशी आणि शिस्तविषयक नियम. बावीस वर्षं मी आस्थापना शाखेत काढली होती. कुणाची वेतनवाढ रोखायची, कुणाला निलंबित करायचं, कुणाला नुसती ताकीद देऊन सोडायचं, या सगळ्या फायली माझ्याच हातून पुढे जायच्या. मला आता कोण काय शिकवणार? मग पत्राच्या खालच्या ओळी वाचल्या. व्याख्याता म्हणून ज्याचं नाव होतं, त्याला साधी टिपणी कशी लिहायची हे मी शिकवलं होतं.

तो सायखेड्याचा. लिपिक म्हणून आमच्या शाखेत आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, "दादा, साहेबांना 'सविनय सादर' लिहायचं का नुसतं 'सादर'?" डबा आम्ही एकत्र खायचो. पुढे खात्यांतर्गत परीक्षेचा अर्जही दोघांनी एकाच दिवशी भरला. तो पहिल्या फटक्यात पास झाला. मी दोनदा बसलो. तिसऱ्या वेळी अर्जच भरला नाही, आणि घरच्या अडचणींमुळे जमलं नाही असं सगळ्यांना सांगितलं. घरी तशी काही अडचण नव्हती.

गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात आम्ही जिल्ह्यातले तीसेक कर्मचारी जमलो. मी मुद्दाम तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसलो. तो आत आला. केस बरेच गेले होते, ते पाहून बरं वाटलं. पण त्यानं मला लगेच शोधलं, व्यासपीठावरून खाली उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा! तुम्ही इथं?"

"नमस्कार, सर," मी म्हणालो. 'सर'वर जरा जास्तच जोर पडला. त्याचा चेहरा क्षणभर उतरला.

शेजारी पेठहून आलेल्या एक बाई होत्या, वरिष्ठ लिपिक. त्या म्हणाल्या, "तुमच्या ओळखीचे का? फार छान शिकवतात म्हणे."

"बघू," मी म्हणालो.

तो खरंच छान शिकवत होता. तेच तर दुखणं होतं. वाईट शिकवलं असतं तर मी तीन दिवस मजेत काढले असते. दोषारोपपत्राला कोणती चार जोडपत्रं लागतात, हे मी बावीस वर्षं पाठ म्हणत आलो होतो. आरोप, त्याचं विवरण, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. तो म्हणाला, "ही चार जोडपत्रं म्हणजे समोरच्या माणसाला आपण विचारलेला एक सरळ प्रश्न आहे. प्रश्नच धड नसेल तर तो उत्तर काय देणार?" असं मला कधी सुचलं नव्हतं. मी डायरीच्या शेवटच्या पानावर त्याच्या चुका टिपायला घेतल्या होत्या. संध्याकाळपर्यंत एकच सापडली. वाटलेल्या कागदांत एका पानाचा क्रमांक दोनदा पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पडद्यावर एक जुनं दोषारोपपत्र दाखवलं. नावांवर काळी पट्टी होती. 'सदर कर्मचारी वारंवार अनधिकृतपणे गैरहजर राहून कर्तव्यात कसूर करीत असतात.' 'वारंवार' वाचताच मी ओळखलं. ते वाक्य माझं होतं.

आमच्या कार्यालयात एक शिपाई बाई होत्या. देवळाली कॅम्पहून यायच्या. नवरा लष्करातून निवृत्त झालेला, त्याला अर्धांगवायू झाला आणि बाईंच्या दांड्या वाढल्या. रजेचे अर्ज त्यांनी दिले होते, पण ते भलत्याच फायलीत पडून होते. आरोपाचा मसुदा मी केला. हा आजचा व्याख्याता तेव्हा माझ्या शेजारी बसायचा. मसुदा वाचून म्हणाला होता, "दादा, कोणत्या कोणत्या तारखांना गैरहजर होत्या, ते टाकायला पाहिजे ना?"

"एवढं बारीक कोण बघतंय? साहेबांना आज सही करायचीय," मी म्हणालो होतो.

चौकशी झाली आणि बाईंना सेवेतून काढलं. त्यांनी अपील केलं. आरोपच मोघम आहे म्हणून आदेश रद्द झाला आणि अडीच वर्षांनी त्या परत हजर झाल्या.

आता त्यानं माझं नाव घेतलं, की मी उठून घरी जाणार होतो. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "हा मसुदा मी केलेला आहे. नवीन होतो तेव्हा. माझ्या आळसापायी एका बाईंची अडीच वर्षं गेली."

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "सर, असं उघडपणे कोण सांगतं हो!" आणि टाळ्या सुरू झाल्या. पेठच्या बाईंनीही वाजवल्या.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट अंगाचा तिळपापड झाला. परीक्षा याची, खुर्ची याची, आणि आता माझी चूकसुद्धा यानं नेली, वर तिच्यावर टाळ्या घेतल्या. मी उठून उभा राहिलो.

"तो मसुदा माझा आहे," मी म्हणालो. "यांनी तारखा टाका म्हणून सांगितलं होतं. मी टाकल्या नाहीत."

कुणीही टाळी वाजवली नाही. पेठच्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग पुढे त्या बाईंचं काय झालं?"

मला ठाऊक नव्हतं. परत आल्यावर त्या माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायच्या तेव्हा मी फायलीत डोकं घालायचो, एवढंच आठवत होतं. उत्तर त्यानं दिलं. "त्या नोकरीबाहेर होत्या त्याच काळात त्यांचे यजमान गेले. आता त्या निवृत्त झाल्यात, देवळाली कॅम्पलाच मुलीकडे असतात. मी जातो कधीमधी."

हा जातो! मला तेही सहन झालं नाही.

जेवणाच्या सुट्टीत तो ताट घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. आजूबाजूला कुणी नव्हतं, त्यामुळे सायखेड्याची बोली परत आली. "दादा, कशापायी उठले तुम्ही? लय वर्षं झाली त्याला. माझ्या नावावर खपून गेलं असतं."

"तेच नको होतं."

"म्हंजे?"

"तुला टाळ्या पडल्या, त्या मला बघवल्या नाहीत."

तो हसला. मी गंमत करतोय असं त्याला वाटलं. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसू थांबलं. बराच वेळ तो पुरीचे तुकडे करत राहिला. शेवटी म्हणाला, "शिरा घ्या अजून. चांगला झालाय."

तिसऱ्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला. नाव लिहायचं नव्हतं. व्याख्यात्याच्या रकान्यात 'साधारण' लिहायला पेन टेकवलं, पण माझं अक्षर तो झोपेतही ओळखेल. 'उत्तम' लिहिलं.

कार्यालयात परतलो तर एका कनिष्ठ लिपिकावरच्या आरोपाचा मसुदा माझी वाट बघत होता. 'कामात वारंवार दिरंगाई.' पूर्वी मी तो अर्ध्या तासात साहेबांकडे पाठवला असता. या वेळी आवक-जावक नोंदवह्या काढून बसलो आणि दोन दिवस तारखा शोधल्या. वारंवार म्हणजे तीनदा निघालं. त्यातली दोन पत्रं आमच्याच शाखेत अडकली होती. दोषारोपपत्र बजावण्यासारखं त्यात काही नव्हतं. तसं लिहून फाईल पुढे पाठवली आणि लेखी समज देऊन ते प्रकरण मिटलं.

देवळाली कॅम्पला जाऊन त्या बाईंना भेटावं असं रोज वाटतं. पण पत्ता त्याच्याकडेच मागावा लागेल, म्हणून अजून गेलेलो नाही.

त्या लिपिकाची फाईल वाचून साहेबांनी मला बोलावलं होतं. "एवढी बारीक तपासणी? कुठं शिकलात?"

"प्रशिक्षणात, साहेब."

"अरे वा. कोण होतं शिकवायला?"

त्याचं नाव जिभेवर होतं. "होते एक अधिकारी," मी म्हणालो आणि फाईल उचलून बाहेर आलो.