मॅच कमिशनर बोरसेआप्पा

शालिग्राम बोरसे एका जागी स्वस्थ बसलेत, असं घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं. खानदेशातल्या पारोळ्याहून ते तरणेपणी सुरतेच्या उधन्याला आले, कापडाच्या कारखान्यात लागले आणि सुटीच्या दिवशी कामगारांच्या संघातून फुटबॉल खेळू लागले. गुडघा कायमचा दुखावला तेव्हा खेळ सुटला, मैदान सुटलं नाही. आधी झेंडा घेऊन रेषेवर उभे राहिले, मग स्पर्धा भरवू लागले, मग जिल्हा संघटनेचे सचिव झाले. मैदान मिळवणं, पंच जमवणं, हाणामाऱ्या मिटवणं, सगळं कारखान्यातली पाळी सांभाळून. इंग्रजी ते खेळाचे नियम वाचत वाचत शिकले.

पुढे आशियाई फुटबॉल महासंघाने त्यांना मॅच कमिशनर नेमलं. सामन्याआधी मैदान, दिवे, दरवाजे तपासायचे आणि सगळं नियमात आहे ना ते बघायचं, असं ते काम. कित्येक वर्षं ते देशोदेशी हिंडले. विमानतळ, हॉटेल, स्टेडियम आणि परत. अमुक शहरात काय बघितलंत, असं कुणी विचारलं तर त्यांना तिथलं गवत तेवढं आठवायचं.

एकदा एका राजधानीत विजा चमकू लागल्या आणि आप्पांनी रेफ्रीशी बोलून खेळ थांबवला. मानाच्या खुर्चीत तिथले मंत्री बसले होते. वीज काही मैदानात पडली नाही. यजमान मग निरोप द्यायलाही आले नाहीत. आप्पा हॉटेलच्या खोलीत येरझारा घालत राहिले. चुकलो असं वाटत नव्हतं, पण बरोबर होतो हे दाखवायला हातात काहीच नव्हतं.

मग वयाचा नियम लागला आणि आप्पा उधन्याजवळच्या गोडादऱ्यातल्या घरी आले. गच्चीवर जायचे, खाली यायचे, दारात उभे राहायचे, पुन्हा गच्चीवर.

"आते तरी घडीभर बसा ना," त्यांच्या पत्नी उषाबाई म्हणायच्या. "घर तुमले चावस का?"

अशात शेजारच्या नवागामच्या फुटबॉल मंडळाने त्यांना अंतिम सामन्याचे प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. शाल झाली, नारळ झाला. आप्पांना स्टेजवर बसवलं. उषाबाई बायकांमध्ये बसल्या. खेळाडू सराव करत होते. गोलकीपरने जाळी ओढली तसा अख्खा गोलपोस्ट पुढे झुकला आणि परत मागे बसला. आप्पा तडक खाली उतरले. लोखंडी गोलपोस्ट नुसता जमिनीवर ठेवलेला होता, मागे वजन काही नाही.

त्यांनी मंडळाच्या योगेशला गाठलं. "हा बांधल्याशिवाय खेळ सुरू करू नको."

"काका, चालसे. रोज याच्यावरच खेळतात पोरं. तुम्ही आज पाहुणे आहात, बसा ना शांतपणे."

योगेशचं तसं चुकत नव्हतं. आप्पांच्या गळ्यात आता ओळखपत्र नव्हतं, त्यांचं ऐकायला कुणी बांधील नव्हतं. ते शाल सावरत गोलात गेले आणि खांब धरून उभे राहिले. रेफ्रीने शिट्टी वाजवली, तरी हलले नाहीत. लोक हसू लागले. "चाचा, गोलकीपर बनोगे क्या?" कुणी ओरडलं. आप्पांचे कान तापले. आपण खरंच म्हातारचळ लागल्यासारखे वागतोय का, असंही मनात येऊन गेलं.

उषाबाई उठल्या आणि भर मैदानातून चालत आल्या. नवऱ्याला हाताला धरून घरी न्यायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पण जवळ येऊन त्यांनी दुसऱ्या खांबाला हात लावला, तो डगमगला आणि त्या थबकल्या.

"हाऊ ते हाली राहिना," त्या म्हणाल्या. मग योगेशकडे वळल्या. "भाऊ, समोर बांधकाम चालू आहे ना? चार गोण्या रेती आण. तोवर आम्ही दोघं इथंच आहोत."

म्हाताऱ्या बाईशी हुज्जत घालायला योगेश धजावला नाही. गोण्या आल्या, मागच्या दांडीवर टाकल्या. सामना उशिरा सुरू झाला. चेंडू दोनदा खांबावर आदळला. काही झालं नाही. बक्षीस समारंभात आप्पांचं नाव घ्यायचंही राहून गेलं.

परतताना रिक्षात उषाबाईंनी विचारलं, "गोण्या नसत्या तर तो खरंच पडता का?"

"माले काय माहीत," आप्पा म्हणाले. पुढच्या वळणावर ते रिक्षाबाहेर डोकावले. "डिंडोलीलेबी असेच खांब लाया म्हणतस."

उषाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भाऊ, गोडादरा नको. डिंडोलीला घ्या."