महालक्ष्म्यांच्या उपासात राहिलेली गोळी

माझं इजेक्शन फ्रॅक्शन अठ्ठावीस टक्के निघालं, तेव्हा डॉक्टरांसमोर मी, माझी बायको सुनंदा आणि मुलगा निखिल होतो. हृदयाचा डावा खालचा कप्पा दर ठोक्याला त्यातलं किती रक्त पुढे ढकलतो, त्याचं हे प्रमाण. निरोगी माणसाचं पन्नासच्या वर असतं.

ठोके मिनिटाला एकशे चौतीस, तेही वेडेवाकडे. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. वरचे कप्पे आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. औषधांनी लय येईना.

"कॅथेटर अब्लेशन करेंगे," डॉक्टर म्हणाले. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन गडबड करणाऱ्या जागा डागायच्या. हार्ट कमजोर असताना चालेल का, मी विचारलं. "कमज़ोर है, इसीलिए करना है."

तारीख मिळेपर्यंत रक्त पातळ ठेवून गाठ होऊ न देणारी गोळी सकाळ-संध्याकाळ घ्यायची होती. शंकर नगरला आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. जिना उतरलो तर चढता येणार नाही, म्हणून मी उतरतच नव्हतो. आडवं झालं की दम लागे. तीन उशांना टेकून बसूनच झोपायचो.

त्यातच महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे पूजा घरच्या कर्त्याने करायची, नैवेद्य होईपर्यंत पाणीही नाही. आणि रिकाम्या पोटी गोळी नको, हा घरचा जुना नियम. तिन्ही दिवस सकाळची गोळी राहिली. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

अब्लेशनच्या दिवशी आधी घशातून नळी घालून हृदय मागून पाहतात. वरच्या कप्प्यात रक्ताची गाठ दिसली.

"गोली छूटी थी?" डॉक्टरांनी विचारलं.

निखिल म्हणाला, "पूजा में तीन दिन सुबह की नहीं ली."

"इसी से बना, ये पक्का नहीं कह सकता. पर आज नहीं करेंगे. थक्का हिला तो सीधे दिमाग में जाएगा."

खुर्चीत बसवून मला पुन्हा वर चढवलं. आता एकही गोळी न चुकवता दीड महिना वाट पाहायची होती. गाठ विरल्याशिवाय अब्लेशन नाही, अब्लेशनशिवाय दम कमी होणार नाही. खाली भाजीवाल्याशी सुनंदाचं बोलणं ऐकू यायचं आणि मी खिडकीपर्यंतही जात नव्हतो. ते दीड महिने मला अजून आठवायला आवडत नाहीत.

दुसऱ्या तपासणीत गाठ नव्हती. अब्लेशन झालं. सहा महिन्यांनी इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा त्रेचाळीस आला, नाडी बहात्तर. सगळ्यांचं असंच होईल असं नाही. डॉक्टरांनीही तसं वचन दिलं नव्हतं, आणि गोळी पुढेही चालू ठेवायला सांगितली. ज्यांना ही गोळी लागली आहे त्यांनी उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं, एवढंच सांगतो.

यंदाच्या महालक्ष्म्यांना सोवळं नेसून पाटावर बसलो, तर सुनंदा पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन उभी.

"अवो, नैवेद्य व्हायचा आहे," मी म्हणालो.

"महालक्ष्म्या थांबतात. ते गाठ थांबली होती का तुमच्यासाठी?"

मी गोळी गिळली, पेला रिकामा करून तिच्या हातात दिला. मग समईची वात पुढे केली. नंतर मला कळलं, तिने त्या दिवशी स्वतः संध्याकाळपर्यंत पाणी घेतलं नव्हतं. माझ्या वाटचा उपास तिने केला होता.