साडूंचा धुळीचा कण

उमरग्यात ज्यांच्या बोलण्याचा आजवर कुणाला काडीचा उपयोग झालेला नाही असे एकच गृहस्थ आहेत, आणि ते नेमके माझे थोरले साडू आहेत. हायवेवरच्या ट्रकांनी अख्ख्या गावाच्या नाकातोंडात धूळ जाते. यांना काळजी पृथ्वीबाहेर फिरणाऱ्या धुळीची. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, यांनी डोळ्यालाही न दिसणारा एक कण धरला. "उन्हानं त्याच्यावर वीज चढती," ते सांगायचे, "मग पृथ्वीचं चुंबकत्व त्याला सरळ जाऊ देत न्हाय." हे कुणाला सांगावं? मुलीला बघायला आलेल्या परंड्याच्या पाहुण्यांना, पोह्यांच्या बश्या हातात असताना. मुलाच्या वडिलांनी भिडेखातर "मग पुढं?" विचारलं, तर यांनी वहीच आणली. ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ते यांच्या लक्षातही आलं नाही.

त्या कणाची वाट ते हातानं आकडेमोड करून काढत. कॉम्प्युटरवर करा म्हटलं, तर "मग म्या काय करू?" नऊ वर्षांत नऊ वह्या भरल्या आणि एका प्राध्यापकांना पाठवल्या. चार ओळींचं उत्तर आलं: कण पृथ्वीच्या सावलीत शिरला की ऊन तुटतं, त्याच्यावरची वीज उलटू शकते आणि मग तो दुसरीकडं वळतो, हे धरलेलंच नाही. मला हसू आवरेना. "म्हणजे नऊ वर्षं पाण्यात," मी म्हणालो. साडूंनी पत्र दोनदा वाचलं. "व्हय की, सावली राहिलीच," म्हणाले, आणि नवी वही आणायला चपला घालून निघाले. असल्या माणसाला हसण्यातही काही राम उरत नाही.

गेल्या वर्षी काचबिंदूनं त्यांची नजर पार गेली. बायकोनं फारच लावून धरलं म्हणून भेटायला गेलो. अक्का हळूच म्हणाली, "जेवण जात न्हाय त्यांना. जरा वही घेऊन बसा." बसलो. ते आकडे सांगत गेले, मी लिहीत गेलो. कंटाळून एक आकडा मुद्दाम गाळला. शेवटी त्यांनी ओळ वाचायला सांगितली आणि मधेच थांबवलं. "पाव्हणं, तिथं तीन होता." मी तिथं तीन लिहिला.

तेव्हापासून दर रविवारी आमच्या तामलवाडीहून बस बदलून उमरग्याला जातो. त्यातलं मला अजूनही ओ की ठो कळत नाही. परवाच्या रविवारी पाऊण तास थांबूनही बस मिळाली नाही, तर फोन केला. "असू द्या," ते म्हणाले, "कण काय कुठं जात न्हाय." मी घरी परतलो, पण त्या दिवशी मला काही करमलं नाही.