सुई एक, घंटा दोन

रिटायर होताना ऑफिसनं माझ्याकडून खुर्ची, कपाटाची किल्ली, रजिस्टर सगळं सही घेऊन परत घेतलं. किस्से मात्र कुणी मागितले नाहीत! ते घरी आले आणि आता चहाला कुणी बसलं की एकामागून एक बाहेर पडतात.

माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात, टेस्ट डेस्कवर. गाव उसाच्या पट्ट्यातलं, आष्ट्यापासून एसटीनं अर्ध्या तासावर. काळ नव्वदीतला. फोनसाठी लोक वर्षानुवर्षं थांबायचे, आणि मग घरात एक काळा जड डबा यायचा. नियम असा, की तारेच्या टोकाला तोच सरकारी डबा हवा. पण मुंबईहून कुणीतरी रंगीत बटनांचा फोन आणायचंच! मग तो गुपचूप त्याच तारेला जोडायचा. त्याला म्हणायचं 'प्यारलल'.

लोकांना वाटायचं, एक्स्चेंजात बसून काय कळतंय? पण माझ्या टेबलावर एक मीटर होता. नंबर लावला की सुई उडायची. घरात एक घंटा असेल तर थोडी, दोन असतील तर जास्त. घरबसल्या म्हणतात तसं, मी डेस्कबसल्या गावभरच्या घंटा मोजायचे.

* * *

एकदा एका किराणा दुकानदाराच्या नंबरवर सुई पार कडेला जाऊन आपटली. मी फोन लावला.

"भाऊ, एक्स्चेंजातून माने बाई बोलतेय. घरात फोन किती?"

"एकच की वो बाई!"

तेवढ्यात त्याच लाईनवर बाईचा आवाज आला, "व्हय बाई, एकच हाय!"

आणि त्याच्यामागून एक म्हातारा, खोकत, "गळ्याशपथ, एकच हाय!"

मी तिघांचेही आभार मानले.

* * *

आमचा बापू लाइनमन तपासणीला निघाला की बातमी त्याच्या सायकलीच्या आधी पोचायची. मग रंगीत फोन धान्याच्या कणगीत आणि सरकारी डबा शोकेसमधून बाहेर! त्याला भरतकामाचं झाकण असायचं, दसऱ्याला झेंडूही वाहिलेला असायचा.

एका घरी बापूनं असा डबा उचलून कानाला लावला. काही ऐकू येईना. बघतो तर कुंभारमाशीनं ऐकायच्या भोकांवर मातीचं घर बांधलेलं.

घरमालक ठामपणे म्हणाला, "आवं, आत्ताच बोललो की ह्याच्यावरनं!"

बापू म्हणाला, "मग माशीसंगंच बोलला असशीला."

* * *

एका बागायतदाराच्या जावयानं, तो माण तालुक्यातला, मुंबईत नोकरीला, सासऱ्याला बिनतारेचा कॉर्डलेस दिला. सासरे हँडसेट घेऊन थेट मळ्यात गेले. लागेना. दुसऱ्या दिवशी तावातावानं एक्स्चेंजात हजर!

मी म्हटलं, "मामा, तो घरापासून लांब चालत नाही."

"लांब कुटं? मळ्यातनं घर दिसतंय की! मग लागंना का?"



* * *

आमचे साहेब पुण्याचे. बोलणं अगदी पुस्तकातलं. आमच्यात राहून चार वर्षं झाली तरी त्यांचा 'आहे' कधी 'हाय' झाला नाही. नियमाला कडक.

एके दिवशी बापू त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "सायेब, एका नंबरवर सुई लय उडतीय. तीन तरी डबं असतील."

"विचारताय काय? तोडा!"

बापूनं तोडला. दहा मिनिटांनी साहेब केबिनमधून बाहेर आले. "माझ्या क्वार्टरचा फोन का लागत नाही?"

बापू म्हणाला, "तुमीच म्हनला न्हवं, तोडा."

आम्ही रजिस्टरात तोंडं खुपसली! साहेबांनी स्वतःचे दोन्ही जादा फोन काढून टाकले, वहिनींचा अबोला पत्करला, आणि तो राग गावावर काढला. फर्मान निघालं. सगळ्यांचे प्यारलल शोधा, सापडला की कनेक्शन बंद, आणि तपासणीला मी स्वतः येणार.

* * *

त्या यादीतला एक नंबर मी दोनदा वाचला. सुभेदारांचा.

सुभेदार फौजेतून रिटायर. उभ्या जन्मात त्यांनी रांग मोडली नाही. त्यांचा मुलगाही फौजेत, बर्फातल्या चौकीवर. दर रविवारी सकाळी नऊला त्याचा फोन यायचा. त्यांच्या पत्नी, आक्का, कानानं अधू. काळ्या डब्यातलं त्यांना एक अक्षर ऐकू येत नसे. म्हणून मुलानं सुट्टीवर येताना आवाज मोठा करायचं चाक असलेला फोन आणला आणि स्वयंपाकघरात जोडून दिला. घंटेबरोबर त्याचा दिवाही लुकलुकायचा. सुभेदार बोलायचे सरकारी डब्यावरच, आक्का आतून ऐकायच्या. बोलायच्या नाहीत. पोराचा आवाज कानात पडला की त्यांचा आठवडा निघायचा.

साहेब बापूला घेऊन त्यांच्याकडे गेले तो शनिवार होता. मी डेस्कवर त्या नंबरचं पान उघडून बसले. उद्या नऊला त्या माउलीनं काय करायचं? तिथं काय घडलं ते बापूनं नंतर सांगितलं.

सुभेदारांनी काही लपवलं नाही. सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "दोन सेट हाईत, सर. एक सरकारी, एक बेकायदा." कशासाठी, तेही एका वाक्यात सांगितलं. साहेब खाली बसले. चहा आला, तो बराच वेळ पीत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या-माझ्या म्हणण्याला अर्थ नाही. मीटर सांगेल ते खरं." आणि काळ्या डब्यावरून त्यांनी मला फोन लावला.

बापूनं त्या लाईनची तार आठवड्यापूर्वीच बदलली होती. आवाज इतका स्वच्छ, की साहेबांनी कपबशी ठेवली तीही मला ऐकू आली.

"माने बाई, रजिस्टर घ्या. या नंबरवर सुई किती घंटा दाखवते? नीट बघून सांगा. अगदी नीट."

चार वर्षांत त्यांनी मला 'अगदी' कधी म्हटलं नव्हतं. माझ्या समोर आकडा होता दोन.

"एकच, साहेब," मी म्हटलं. नोकरीतलं माझं पहिलं खोटं.

पण साहेबांनी डब्यावर नंबर फिरवला तेव्हा त्याच तारेवरच्या आतल्या फोनचाही दिवा लुकलुकला होता. लेकाचा फोन आजच आला असं समजून आक्कांनी उचलला होता. कधी नव्हे तो त्यांचा आवाज लाईनवर आला, खणखणीत.

"एक न्हाई बाई, दोन हाईत! आमच्यात खोटं बोलत न्हाईत."

  पलीकडं साहेबांनी घसा खाकरला.

"बाई, लाईनवर लय खरखर हाय. मला काय बी ऐकू आलं न्हाई. एक लिवा."