दादासाठी सोडलेली कॉफी

माझ्या हातून जो घोटाळा झाला तो ऐकून तुम्ही हसणार. हसा, मला राग नाही येणार. दादा असता तर त्यानेच तो तुम्हाला माझ्या खांद्यावर थापा मारत रंगवून सांगितला असता. तो नाही, म्हणून मला सांगावा लागतोय.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. इथे मस्कतात, बौशरला एका कॉफीच्या गोदामात होता. इथिओपियातून हिरव्या बियांची पोती यायची. त्या भाजायच्या, चव बघायची आणि कुठला माल घ्यायचा, कुठला परत पाठवायचा ते अर्बाबला सांगायचं, हे त्याचं काम. अर्बाब म्हणजे मालक. आणि मी? मी नववीत दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. मग दादानेच मला मस्कतला आणून एसीच्या कंपनीत चिकटवलं. अल हैलला आम्ही दोघं एका खोलीत राहायचो.

दादा बोलायला लागला की कॉफीशिवाय विषय नाही. इथिओपिया कुठे आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, असेल दुबईच्या पुढे कुठेतरी. त्याने मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. म्हणाला, हे बघ, सगळे डोंगर, आणि समुद्र अजिबात नाही. म्हणून पोती ट्रकने शेजारच्या जिबूतीच्या बंदरात येतात आणि तिथून बोटीने आपल्याकडे. अर्बाबबरोबर तो एकदा तिकडे जाऊनही आला होता. तांबडी माती, ढगात बुडालेली गावं. मोठे मळे थोडेच. बहुतेकांच्या घरामागे मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपं, आपल्याकडे पोफळीच्या बागेत जायफळ असतं तशी. लाल झालेलं फळ तेवढं तोडायचं, हिरवं ठेवायचं, काही दिवसांनी परत यायचं. मग मांडवासारख्या उंच चटयांवर वाळवायचं आणि बायका दिवसभर ते हाताने खालीवर करत बसतात. पोरांची फी, बहिणीचं लग्न, घरावरचा पत्रा, सगळं त्या एका पिकावर. भाव पडला की अख्खा गाव गप्प होतो, असं तो सांगायचा.

मी नुसता हुं हुं करायचो आणि क्रिकेट बघायचो. आज कुणी तेवढंच पुन्हा ऐकवलं तर मी मोबाइल विहिरीत टाकून देईन.

मार्गशीर्षात दादा गेला. गोदामातच, सकाळी, छातीत कळ येऊन. मी त्याला घेऊन गावी गेलो.

आमच्याकडे तेराव्याला एक रीत आहे. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते घरच्यांनी वर्षभर सोडायचं. आईने काजूची उसळ सोडली. माझ्याकडे कुणी बघायच्या आत मी उभा राहिलो आणि भरल्या पडवीत मोठ्याने म्हणालो, मी कॉफी सोडली. दहा जणांनी माना हलवल्या. एक म्हातारी तर रडलीच. मला वाटलं, चला, आयुष्यात एक काम धड केलं. वहिनी आत काय सोडत होती ते ऐकायला मी थांबलोच नाही. ही गोष्ट इथे कुणाला सांगायची नाही, हेही मीच ठरवलं. सांगितली की पुण्य जातं म्हणे. कोण म्हणे? मीच म्हणे.

आता मला सांगा, ओमानमध्ये राहून कॉफी सोडायची म्हणजे काय? इथे घरात पाऊल टाकलं की खजूर आणि कहवा, म्हणजे यांची वेलची घातलेली कॉफी. दुकानात कहवा, ऑफिसात कहवा, भांडायला गेलात तरी आधी कहवा.

परत आलो तसं अर्बाबने मला घरी बोलावलं. म्हातारा माणूस, पांढरी दाढी, दादाचं नाव घेताना डोळे पुसत होता. हिंदी मोडकंतोडकं बोलतो, पण कळतं. त्याने स्वतःच्या हाताने छोटा कप भरून दिला. मी तो घेतला, मनात म्हणालो, दादा, बघतोयस ना, आणि कप तसाच समोर खाली ठेवला.

अर्बाबने कपाकडे बघितलं. मग म्हणाला, बोल, काय हवंय? मी म्हणालो, काही नाही. तो म्हणाला, होईल, इन्शाल्ला होईल. मला वाटलं, दुखवट्याला असंच बोलत असतील.

आठवड्याने एसीच्या फोरमनने मला बोलावून सांगितलं की तुझा रिलीज झाला, म्हणजे इथून सुटलास, कॉफीवाल्या अर्बाबने तुला मागून घेतलंय. मी चाट पडलो. दादाच्या खुर्चीवर मी! चव घ्यायची नाही, सध्या पोत्यांचा हिशोब तेवढा ठेवायचा. पहिल्याच दिवशी अर्बाबने हसत कप पुढे केला. मी खजूर खाल्ला आणि कप खाली ठेवला. त्याचं हसू मावळलं.

दुसऱ्या दिवशी बिनवेलचीचा कहवा आला. खाली ठेवला. मग केशराचा आला. मग त्याने ड्रायव्हर पाठवून मद्रासी हॉटेलातून स्टीलच्या पेल्यात फिल्टर कॉफी आणवली, फेसासकट. तीही खाली. माझी छाती रोज इंचभर फुगत होती आणि त्याची रोज इंचभर बसत होती, पण मला माझीच दिसायची.

तेवढ्यात मला दादाच्या टेबलाखाली एक पितळी पिकदाणी सापडली. दादा तंबाखू खायला लागला होता? मेलेल्या माणसाची अब्रू जायला नको, म्हणून मी ती गुपचूप घासली, कागदात गुंडाळली आणि घरी नेली. संध्याकाळी अर्बाब टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत होता. मला विचारलं, तर मी मान फिरवली. त्यानंतर तो माझ्यापुढे कप करण्यापुरताच गोदामात यायचा.

तिथे अल्माझ म्हणून इथिओपियाची एक बाई बिया निवडायला होती. तिने मला झापलं. म्हणाली, आमच्याकडे कॉफी तीनदा करतात आणि तिसऱ्या कपापर्यंत पाहुणा उठत नाही, तू तर पहिल्यालाच तोंड फिरवतोस. अर्बाब जेवत नाहीये. काय वाकडं आहे तुझं त्याच्याशी? मी म्हणालो, तुला नाही कळायचं. केवढ्या तोऱ्यात म्हणालो.

असे तीन महिने गेले. मग एका शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, खोलीचं दार वाजलं. बाहेर अर्बाब आणि त्याचे दोन म्हातारे चुलतभाऊ, तिघेही पगडी बांधून, लग्नाला निघाल्यासारखे. मी गादीवरचे कपडे एका हाताने लोटले, त्यांना बसवलं आणि चहा ठेवला. काय करणार, माझ्याकडे तोच होता.

तिघांनी कप घेतले आणि तिघांनी खाली ठेवले.

मला वाटलं, साखर कमी. मी तीनही कप उचलून आत नेले, दोन दोन चमचे साखर घातली, परत आणून दिले. परत खाली. मी पुन्हा उचलायला गेलो तर अर्बाबने माझा हात धरला.

"बस. आमच्यात कप न पिता खाली ठेवतो तो काहीतरी मागायला आलेला असतो. ते मिळाल्याशिवाय तो पीत नाही. तू तीन महिने ठेवतोयस. आज मी ठेवला."

किटली हातात घेऊन मी समोर बसलो.

"त्या दिवशी सकाळी तुझा भाऊ म्हणाला, अर्बाब, छातीत जळजळतंय. मी म्हटलं, पित्त असेल. गिऱ्हाईक दुपारी येणार आहे, नवीन मालाचे तीन कप बघ आणि मग जा डॉक्टरकडे. त्याने तिन्ही बघितले. तिसऱ्यानंतर तो खुर्चीत बसला." त्याने कप माझ्याकडे थोडा सरकवला. "तुला हे कळलंय, मला ठाऊक आहे. त्याची शेवटची वस्तूसुद्धा तू माझ्याकडे राहू दिली नाहीस. मला माफ कर. नाहीतर नाही करत म्हणून सांग. पण रोज माझ्यासमोर कप ठेवून बसू नकोस."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. खोटं कशाला बोलू, हातातली किटली भिंतीवर फेकावीशी वाटली. डॉक्टरकडे आधी पाठवला असतास तर, हे शब्द तोंडात येऊन बसले. पण समोर त्या म्हाताऱ्याचा न प्यालेला कप होता. आणि तोंडातून भलतंच निघालं.

"तिसरा कप कसा होता?"

अर्बाबने मान वर केली. मग म्हणाला, "तो म्हणाला, हा फार उंच डोंगरावरचा माल आहे. हा सगळा घ्या."

"घेतला?"

"सगळा. पोती तशीच आहेत. मी हात लावलेला नाही."

मी तो कप त्याच्याकडे परत सरकवला. मग म्हणालो, "चहा प्या, अर्बाब. आजच्यापुरतं दिलं. उद्या मला काय वाटेल ते मला माहीत नाही."

त्याने कप उचलला आणि एका घोटात संपवला. एवढी साखर होती तरी. मग म्हणाला, आता तूही सांग, तुला काय हवं होतं? तेव्हा मी एकदाचं सांगून टाकलं. आमची रीत सांगितली आणि म्हणालो, दादाला कॉफी आवडायची म्हणून सोडली, बाकी काही नाही.

अर्बाबने ते अरबीत दोघा चुलतभावांना सांगितलं. एकाने पगडी सावरली, दुसऱ्याने तोंडावर हात ठेवला.

"आवडायची?" अर्बाब म्हणाला. "अरे, त्याने माझ्याकडे अकरा वर्षांत कॉफीचा एक घोट गिळला नाही. भुरका मारायचा, चव सांगायचा आणि थुंकायचा. त्याच्यासाठीच तर ती पिकदाणी. कॉफी पोटाला सोसत नव्हती त्याला. अल्माझ त्याला आल्याचा चहा करून द्यायची, दिवसाला सात-आठ कप."

ते हसायला लागले. मीही हसलो, आणि हसता हसता माझं काय झालं ते राहू दे. त्याच्या शर्टाला कॉफीचा वास यायचा, बस, तेवढ्यावर मी ठरवून टाकलं होतं. खोलीत रोज पहाटे तो स्टोव्हवर काहीतरी उकळायचा. मी तोंडावरचं पांघरूण काढून कधी बघितलं नाही. आणि कॉफी सोडल्यापासून मी स्वतः काय पीत होतो? चहा. दादाच्या नावाने रोज सात-आठ कप.

वहिनीला फोन करून कबूल केलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "भावोजी, चहा मी तेराव्यालाच सोडला. तुम्ही पडवीत कॉफी म्हणालात, तेव्हा मला वाटलं, तिकडे गेल्यावर त्यांची सवय बदलली असेल. अजून काय काय बदललं होतं आणि मला ठाऊक नाही, तेच विचार करतेय तीन महिने."

चूक झाली म्हणालो. चहाही सोडतो म्हणालो. ती म्हणाली, नको, आता काही सोडू नका, बोलून बसलाय ते वर्ष तेवढं पुरं करा.

म्हणून मी अजून कॉफीच्या गोदामात बसतो आणि कॉफी पीत नाही. चव घेतो आणि थुंकतो, तेवढं चालतं असं अर्बाबनेच ठरवून दिलंय. पण बाहेरचे व्यापारी आले, कहवा फिरला आणि मी कप खाली ठेवला की ते बिचारे दचकतात, एकमेकांकडे बघतात. मग अर्बाब माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना गंभीरपणे सांगतो, "घाबरू नका, याला काही मागायचं नाही. याच्या भावाला चहा आवडायचा, म्हणून हा कॉफी पीत नाही."