हॉर्नवर चालणारा हेडलाईट

आमच्या घरात विजेची कामं मीच करतो. म्हणून तर पाहुणे दारात आले की बेल न दाबता फोन करतात.

मेहुणीचा साखरपुडा होता, चितेगावला, सासुरवाडीच्या अंगणात, संध्याकाळी. थोरला जावई म्हणून सासऱ्यांनी माझ्यावर एकच काम सोपवलं होतं: औरंगपुऱ्यातून नवरा-नवरीचे हार आणायचे. नेमका त्याच दिवशी माझ्या मोटारसायकलचा हेडलाईट गेला आणि हर्सूलचा आमचा मिस्त्री गावाला गेलेला! मी मोबाईलवर नवशिक्यांसाठीचा वायरिंगचा व्हिडिओ लावला आणि स्वयंपाकघरातली सुरी घेऊन अंगणात बसलो.

"अहो, रिक्षानं जाऊ ना," बायको म्हणाली.

"पाच मिनिटांचं काम आहे!"

"मिक्सरच्या वेळी बी असंच म्हणले होते. तवापासून मी पाट्यावर वाटते!"

(मिक्सरचा विषय वेगळा आहे.) व्हिडिओतला माणूस सांगत होता, पिवळी वायर पिवळीला जोडा. आमच्या गाडीच्या सगळ्या वायरी चिखलाच्या रंगाच्या! शेवटी अंदाजानं एक धरली, दुसरीला पिळली, वर टेप गुंडाळली. बटण दाबलं, दिवा लागेना. वैतागून हॉर्न दाबला, तर पॅंऽऽ करत हेडलाईट लख्ख!

"लागला!" मी उडीच मारली.

"हॉर्न सोडा बरं."

सोडला. दिवा गेला.

"म्हणजे उजेड पाहिजे तर बोंबलत जायचं व्हय?"

"अगं, दिवसाउजेडीच पोचू आपण."

नाही पोचलो. हारवाल्याकडं ही गर्दी! पैठण रोडला लागलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मग काय, अंगठा हॉर्नवर ठेवला तो ठेवलाच. ट्रकवाले घाबरून बाजूला झाले, टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. एक रिक्षावाला ओरडला, "क्या मियाँ, बारात पीछे छूट गई क्या?" मागं बायकोनं एका हातात हारांची पिशवी धरली आणि दुसऱ्या हातानं पदर पार हनुवटीपर्यंत ओढला.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. माझा मेहुणा दत्ता रोज शेळ्यांसाठी पेंड घेऊन मोटारसायकलवर येतो आणि लांबूनच दोनदा हॉर्न मारतो. तो ऐकला की सासऱ्यांच्या शेळ्या असतील तिथून धावत सुटतात. दत्ता दोनदा मारतो. मी पैठण रोडपासून मारत आलो होतो!

आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचतो तोच गोठ्याचं फाटक पाडून अख्खा कळप मांडवात घुसला, खुर्च्या उलथ्या करून थेट माझ्या अंगावर! हॉर्न सोडला तर काही दिसेना. दाबला तर आणखी शेळ्या!

"दाजी, हॉर्न सोडा!" दत्ता ओरडला.

"अरे, दिसत नाही ना!"

"सोडा, न्हाईतर समद्या गावाच्या येतील!"

सोडला. गाडी ढकलत मांडवापाशी नेली आणि तिथल्या दिव्यांच्या उजेडात पाहिलं, तर हारांची पिशवी फाटलेली आणि एका बोकडाच्या तोंडातून शेवंतीच्या हाराचं शेवटचं टोक लोंबत होतं. सासरे पांढरेफटक पडले. जुळलेली सोयरीक माझ्या अंगठ्यापायी मोडतेय असं वाटून मी तो अंगठाच पाठीमागं लपवला.

नवऱ्या मुलाचे वडील उठले. सरळ बोकडाकडं गेले, त्याची पाठ चाचपली, दात बघितले. (शेळ्या-मेंढ्यांमागं हयात गेलेला माणूस!)

"जनावर लई नामी हाय, पाव्हणं," ते सासऱ्यांना म्हणाले, आणि पोट धरून हसायला लागले. "हाराबिगर काय अडलंय? कुंकू लावा, साखर वाटा!"

साखर वाटली. सगळ्यात आधी बोकडाला मिळाली, मग मेहुणीला. ती तर हसून हसून रडत होती, आणि खरं सांगतो, मलाही भरून आलं.

पुढं तो हेडलाईट मी पुन्हा स्वतःच दुरुस्त केला. आता उजवा इंडिकेटर लावला की हॉर्न वाजतो. आणि सासऱ्यांच्या गल्लीत उजवीकडंच वळावं लागतं! म्हणून आजही मी सासुरवाडीला गेलो की स्वागताला सगळे गल्लीच्या तोंडापर्यंत धावत येतात. सगळे म्हणजे शेळ्या. माणसं घरातूनच त्यांना ओरडून सांगतात, "फिरा माघारी, पेंड न्हाई, दाजीच हायत!"